पाणी जास्त झालेलं कुंडीतलं अंजीर कसं वाचवलं

माती ओली आणि पानं मात्र मलूल, ही जोडी दिसली की आधी पाण्याचा डबा बाजूला ठेवायचा. माझ्या गच्चीवरचं अंजीर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नेमकं या अवस्थेत होतं. झाड तीन वर्षांचं, साडेतीन फूट उंचीचं, सासवडकडच्या ‘पुना’ जातीच्या छाटकलमापासून वाढवलेलं, १४ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत. खालची पानं एकसारखी पिवळी होऊन देठासकट गळत होती. शेंड्याकडची पानं हिरवीच, पण लोंबलेली. बोराएवढी फळं सुरकुतून हात लावला की गळत होती. पुण्यात आठ दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती आणि कुंडीखालची ताटली काढायची राहून गेली होती.

तहानेनेही पानं अशीच माना टाकतात, म्हणून फरक ओळखता यायला हवा. तहानलेल्या अंजिराचं पान कडेने वाळतं, हाताला कागदासारखं कुरकुरीत लागतं, आणि पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उभं राहतं. पाण्याने गुदमरलेल्या झाडाचं पान मऊ राहतं, पिवळेपणा खालून वर चढतो, आणि पाणी दिल्यावर ते आणखी पडतं. पावसाळ्यात तांबेऱ्यानेही पानगळ होते. तेव्हा पानाच्या पाठीवर विटकरी पूड दिसते आणि बोटाला लागते. माझ्या झाडाच्या पानांची पाठ स्वच्छ होती. सुतळीएवढ्या जाडीची बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली, तर वरची चार बोटं दमट आणि खालचा निम्मा भाग काळा, चिकट, नासक्या अंड्यासारख्या वासाचा निघाला. शंका उरली नाही.

मातीत ओल हवी तेवढीच असण्याला शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे, वाफसा. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मुळ्यांनाही श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू मिळाला नाही तर त्यांना पाणी वर चढवायची ताकदच राहत नाही. म्हणून भोवती पाणी असूनही झाड सुकतं. आधी मरतात त्या टोकाच्या पांढऱ्या मुळ्या, ज्या खरं तर पाणी आणि अन्न शोषतात. मग मेलेल्या मुळ्यांवर पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजेरियम यांच्यासारखे रोगकारक बसतात आणि कूज जाड मुळ्यांकडे सरकते. या टप्प्यावर नुसतं पाणी बंद करून भागत नाही. कुंडी फक्त जड झाली असेल, वास नसेल आणि पानं नुकतीच पिवळी पडायला लागली असतील, तर पावसातून हलवून, ताटली काढून, कुंडी दोन विटांवर ठेवून आठवडाभर वाट पाहावी. बऱ्याचदा तेवढं पुरतं. वास आला की मात्र झाड उपटून बघायलाच हवं.

त्याआधी झाड जिवंत आहे का हे पाहिलं. खोडावर नखाने हरभऱ्याएवढी साल खरवडायची: आतून हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर तेवढा भाग गेला. शेंड्यापासून खाली येत चार ठिकाणी खरवडलं. दोन बारीक फांद्यांचे शेंडे गेले होते, बाकी सगळीकडे हिरवं होतं आणि पान तोडल्यावर पांढरा चीक येत होता. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मातीलगतचं खोड. तिथली साल चारही बाजूंनी मऊ पडून सुटत असेल तर झाड वाचत नाही. मग वरच्या निरोगी फांद्यांची कलमं करावीत आणि कुंडीचा नाद सोडावा. एका बाजूलाच मऊ असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

चिकाबद्दल थोडं सावध राहायला हवं. अंजिराच्या चिकात फ्युरानोकौमारिन वर्गातली द्रव्यं असतात. चीक कातडीला लागून त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि सावलीतली जागा, एवढं असल्याशिवाय अंजिराची छाटणी करू नये.

कुंडी आडवी करून, कडेने थोपटून मुळ्यांसकट मातीचा गोळा बाहेर काढला. तळाला विटांच्या मोठ्या तुकड्यांचा थर होता आणि मातीचा खालचा भाग त्याच्यावर चिखल होऊन बसला होता. निचऱ्यासाठी तळात तुकडे घालायची पद्धत घरोघरी आहे, आणि तीच इथे नडली. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड झाल्याशिवाय ते खाली सुटत नाही. त्यामुळे चिखलाचा पट्टा कुंडीच्या तळाशी राहण्याऐवजी तुकड्यांच्या वर, मुळ्यांच्या अधिक जवळ येतो. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरून पाणी गळायचं थांबू द्या आणि मग तोच उभा धरा, आणखी पाणी गळतं. कुंडीतही मातीची उंची जितकी जास्त तितका निचरा चांगला. तळात तुकडे घातले की ती उंची कमी होते. भोकांवर प्लॅस्टिकच्या जाळीचा एक तुकडा पुरे. माझ्या कुंडीची चारपैकी तीन भोकं मुळ्या आणि गाळाने बुजलेली होती, हे दुसरं कारण. तिसरं म्हणजे मातीच्या मिश्रणात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होतं. उन्हाळ्यात ते वरदान वाटतं, पावसाळ्यात तेच पाणी धरून बसतं.

गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून हलवत माती सोडवली. जोराच्या पिचकारीने उरल्यासुरल्या पांढऱ्या मुळ्याही तुटतात, म्हणून धार हलकी ठेवली. धुतल्यावर मुळ्यांचं खरं चित्र दिसतं. निरोगी मूळ फिकट पिवळसर किंवा बदामी, चिमटीत घट्ट लागतं. कुजलेलं काळपट असतं, दाबलं की वरचं साल मोज्यासारखं सुटून येतं आणि हातात नुसता दोरा राहतो. मुळ्यांवर मण्यांसारख्या गाठी आहेत का तेही इथेच बघावं, कारण अंजिराला सूत्रकृमींचा, म्हणजे मुळ्यांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, त्रास फार होतो आणि त्याचा उपाय वेगळा असतो. माझ्याकडे गाठी नव्हत्या. मुळ्यांचा साधारण साठ टक्के भाग कुजलेला होता, विशेषतः तळाकडचा.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून, प्रत्येक कुजकं मूळ आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापलं. कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी अर्धा इंच वर जायचं. इथे दयामाया दाखवली की पंधरा दिवसांनी पुन्हा हेच करावं लागतं. कापांवर हळद किंवा दालचिनीची पूड लावायला बरेच जण सांगतात. लावायला हरकत नाही, पण कूज थांबते ती निरोगी भागापर्यंत कापल्यामुळे आणि नंतर हवा मिळाल्यामुळे.

मुळ्या इतक्या कमी झाल्यावर वरचा पसाराही कमी करावा लागतो, नाहीतर पानांतून उडणारं पाणी पुरवायला कोणी उरत नाही. मात्र सगळी पानं ओरबाडणंही चूक, कारण नव्या मुळ्यांसाठी साखर पानंच बनवतात. मेलेले दोन शेंडे हिरव्या लाकडापर्यंत कापले, तीन मुख्य फांद्या एक-तृतीयांशाने आखूड केल्या, सगळी फळं काढली आणि चौदापैकी सहा पानं ठेवली. कापलेल्या फांद्यांपैकी पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी लाकडाच्या वीतभर लांबीच्या चार काड्या, प्रत्येकीवर चार-पाच डोळे, सावलीत चीक वाळू देऊन जाड वाळूत खोचल्या. मूळ झाड गेलं तरी जात हातात राहावी म्हणून. चारपैकी तीन फुटल्या.

कुंडी बदलताना ती आधीपेक्षा लहान घ्यायची, हे बहुतेकांना पटत नाही, पण सगळं त्यावरच अवलंबून असतं. १४ इंची कुंडीत वीस-बावीस लिटर माती मावते. उरलेल्या मूठभर मुळ्या तेवढ्या मातीतलं पाणी ओढू शकत नाहीत आणि ती आठवडे ओली राहते. कापल्यानंतर मुळ्यांचा घेर सात इंच भरला, म्हणून १० इंची मातीची कुंडी घेतली. तिच्या भिंतीतूनही ओल उडते, पावसाळ्यात हा फायदा मोठा.

मिश्रण एक लिटरच्या डब्याने मोजलं: चाळलेली तांबडी माती दोन डबे, विटांचा चुरा तीन डबे, जाडी वाळू एक, कोकोपीट एक आणि वर्षभर मुरलेलं शेणखत एक. विटांचा चुरा गव्हापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंत. त्याहून बारीक भुकटी चाळून काढायची आणि चुरा धुऊन घ्यायचा, नाहीतर तीच भुकटी पोकळ्या बुजवते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे या झाडाला मानवते ती खाली मुरूम असलेली, पाणी न धरणारी जमीन. कुंडीत विटांचा चुरा मुरमाचंच काम करतो. काळी माती मात्र कितीही सुपीक असली तरी या कामाला नको, ती ओली झाली की फुगते आणि हवेची वाट बंद करते. मिश्रण भरल्यावर वरून लिटरभर पाणी ओतून पाहावं. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ ते वर तळ्यासारखं साठलं किंवा मिनिटभरात खालून ठिबकायला लागलं नाही, तर आणखी चुरा घालायचा.

लावताना खोड आधीच्याच खोलीवर ठेवलं, खोल गाडलं नाही, आणि झाड हलू नये म्हणून बांबूला सैल बांधलं. मुळ्या धरत असताना खोड वाऱ्याने डुललं तर नवी मुळी तुटते.

औषधाच्या बाबतीत एक चूक नेहमी होते. घरात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक असतं म्हणून तेच ओततात. ते फ्युजेरियमसारख्या बुरशीवर चालतं. पाण्यात वाढणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. मी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं संयुक्त औषध लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, एकदाच, लावल्यावरच्या पहिल्या पाण्यातून दिलं. झाडावर फळ नव्हतं. फळं असतील तर ती आधी काढावीत. ट्रायकोडर्मा ही रोगकारकांना मारणारी उपयोगी बुरशी. ट्रायकोडर्मा चांगला, पण रासायनिक बुरशीनाशकाबरोबर दिला तर तोही मरतो. तो मी तीन आठवड्यांनी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात दिला.

त्यानंतरचं काम म्हणजे हात आवरणं. कुंडी पावसाच्या माऱ्याबाहेर, पत्र्याखाली, पण उजेड भरपूर अशा जागी विटांवर ठेवली. पाणी कधी द्यायचं हे पानावरून किंवा वरच्या मातीवरून ठरवलं नाही, वजनावरून ठरवलं. कुंडीला सुतळीचं शिंकं बांधून रद्दीवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्यावर तोलली. पाणी निथळल्यावर १३.१ किलो भरली. वजन ११.६ वर आलं की भरपूर पाणी, खालून ठिबकेपर्यंत; त्याआधी थेंबही नाही. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, त्याने वरचा थर कायम ओला राहतो आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. दुसरं पाणी द्यायची वेळ तब्बल अकराव्या दिवशी आली. झाड पाणी ओढायला लागतं तसं हे अंतर कमी होत जातं, आणि मुळ्या वाढत असल्याचा तोच पहिला पुरावा. ऑगस्टअखेर अंतर सहा दिवसांवर आलं.

मध्ये ठेवलेल्या सहापैकी चार पानं गळली. ते होणारच होतं. खरवडल्यावर साल हिरवी होती तोवर काही केलं नाही. तेविसाव्या दिवशी शेंड्याचा डोळा फुगून पोपटी टोक बाहेर आलं. या क्षणी लोक खत घालतात आणि झाड घालवतात. पहिली दोन-तीन पानं खोडात साठवलेल्या अन्नावर फुटतात, मुळ्या नसल्या तरी फुटतात, आणि साठा संपला की आठ-पंधरा दिवसांत माना टाकतात. चौथं पान पूर्ण आकाराचं होऊन दुपारीही ताठ राहिलं, तेव्हाच १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, तेही ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा सुरू केलं.

मधल्या काळात मातीवर बारीक काळी चिलटं आली. त्यांच्या अळ्या कुजक्या सेंद्रिय मातीत वाढतात आणि कोवळ्या मुळ्याही कुरतडतात. वर दोन सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर आणि एक पिवळा चिकट सापळा, एवढ्यावर तीन आठवड्यांत संपली.

ऑक्टोबरमध्ये आठवड्याभरात सरकवत सरकवत पूर्ण उन्हात आणलं. थंडीत पानं गळली ती नेहमीची. तेव्हा पाण्याचं अंतर पुन्हा बारा-तेरा दिवसांवर नेलं, कारण पान नसलेलं झाड पाणी ओढत नाही आणि मुळ्या कुजायचा हा दुसरा हंगाम आहे. जानेवारीअखेर डोळे हलायच्या आधी गोळा बाहेर काढून पाहिला, मुळ्यांची जाळी कडेला पोचली होती, म्हणून त्याच मिश्रणात १२ इंची कुंडीत हलवलं. मार्चअखेर नव्या पानांच्या बगलेत नऊ फळं धरली. चार ठेवली, पाच खुडली.