एका टाकीत नांदणारे मासे: आमची वाटचाल

आमचं मूळ दुकान काचेचं, बेळगावच्या शहापुरात. देवाच्या तसबिरी मढवायच्या, आरसे कापायचे, खिडक्यांना काचा बसवायच्या हा बाबांचा धंदा. काच कापणारा हाताशी आहे म्हटल्यावर लोक विचारायचे, "मामा, माशांची पेटी करून देता काय ओ?" बाबा करून द्यायचे. सिलिकॉनचा जोड इतका साफ की त्यांच्या काही टाक्या आजही पाणी धरून आहेत. मासे मात्र गिऱ्हाईक कोल्हापूर, पुण्याहून आणायचं, आणि ते मेले की तक्रार टाकीवर यायची. शेवटी २००४ मध्ये आम्हीच मासे ठेवायला लागलो.

तेव्हापासून धंद्याचा एकच नियम आहे. मासा दाखवण्याआधी टाकी केवढी, पाणी कुठलं आणि आत आधी कोण आहे हे विचारायचं. रंग बघून दोन हे, दोन ते, एक तो असा मेळ घालून दिला तर विक्री पटकन होते, पण महिन्याभरात टाकी रिकामी होते आणि तो माणूस पुन्हा माशांच्या वाटेला जात नाही.

सगळ्यांना हवा असतो एंजल. त्याचे लांब, खाली लोंबणारे पर बघून माणूस हरखतो आणि सोबत पट्टेवाले टायगर बार्ब मागतो. आम्ही ही जोडी देत नाही. टायगर बार्ब कळपाचा मासा आहे. कळप मोठा असला तर ते आपसांतच शिवाशिवी खेळतात, दोन-तीनच असले तर समोरच्या संथ माशाचे पर कुरतडत बसतात. एंजलच्या पराची कड आधी पांढरी, विसविशीत दिसते, मग तिथे बुरशी धरते. निऑन टेट्राची अडचण उलटी. लहान एंजलबरोबर निऑन छान राहतात, पण एंजल तळहाताएवढा झाला की रात्रीतून निऑन कमी व्हायला लागतात. एंजलच तो, सिक्लिड नावाच्या माशांच्या घराण्यातला. तोंडात मावेल ते खाणारच.

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी बसतं. एवढ्यात काय चांगलं राहील म्हणाल तर वरच्या थरात गप्पी किंवा प्लॅटी, मधे एखादी हनी गोरामीची जोडी, तळाला कोरीडोरास पाच-सहा. खाली खडी टोकदार नको, बारीक वाळू हवी. कोरी मिशांनी वाळू चाळत खातात, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. आणि टाकी भरली त्याच दिवशी सगळे मासे सोडायचे नाहीत. माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात दोन-तीन काटक मासेच पुरेत. तोच स्पंज नळाच्या धारेखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

पाण्याचं म्हणाल तर आमचा मुलूख मोठा गमतीचा आहे. बेळगावात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, खानापूरकडे पाणी तपासायच्या आमच्या किटवर पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं लागतं, आणि चिकोडी, अथणीकडच्या बोअरचं पाणी इतकं जड की टाकीच्या काचेवर पांढरी रेघ धरते. त्या जड पाण्यात मॉली आणि गप्पी खूश असतात. निऑन, डिस्कस यांना मऊ पाणी लागतं. एकाच टाकीत मॉली आणि डिस्कस मागणाऱ्याला आम्ही कुणा एकाला निवडायला सांगतो. डिस्कसला तर २८ अंशांच्या वर ऊब हवी आणि गोल्डफिश २० अंशांच्या आसपास सुखात असतो, म्हणजे त्या दोघांचं जमणं अशक्यच. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला आम्ही पाण्याची बाटली आणायला सांगतो. कन्नड बोलणारा असो की मराठी, बाटली सगळे न विसरता आणतात.

बेळगावची थंडी हा दुसरा विषय. डिसेंबरात रात्री पारा खाली उतरतो आणि पहाटे माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागतात. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की हीटर तपासून घ्या, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. वडगावात विणकरांच्या घरी टाकी बसवताना वेगळी काळजी असते. यंत्रमागाचा हादरा माशाला अंगावरच्या पार्श्वरेषेतून सतत जाणवतो. तिथे मागाच्या भिंतीपासून लांब स्टँड ठेवतो आणि टाकीखाली जाड थर्माकोल घालतो.

आमचा माल चेन्नईतल्या कोळत्तूरहून यायचा, ऑक्सिजन भरलेल्या पाकिटांत, थर्माकोलच्या पेट्यांतून. २०२० च्या टाळेबंदीत तो बंद पडला. दुकानात नवा मासा नाही, पण घरात अडकलेल्या लोकांची मागणी वाढलेली. तेव्हा घरामागच्या शेडमध्ये आम्ही पैदास सुरू केली. गप्पी, मॉली सोपे. एंजलला वेळ द्यावा लागला, कारण तो आपला जोडीदार आपणच निवडतो. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि कोण कोपरा धरून इतरांना हाकलतंय हे बघत राहायचं. उभ्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर आमच्या पहिल्या जोडीने अंडी घातली आणि दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहिली, ते बघायला गल्लीतली पोरं शेडच्या दारात गर्दी करायची. इथल्याच पाण्यात वाढलेला मासा इथे जास्त टिकतो, हे तेव्हापासून आम्ही छातीठोक सांगतो.

टाकीची काच चाटणारा सकर आणि 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगास, हे दोन मासे आम्ही ठेवतच नाही. बोटाएवढा सकर फूटभराच्या पुढे जातो, पंगास मीटरभर वाढू शकतो. मोठा झाल्यावर लोक तो तळ्यात नेऊन सोडतात आणि तो तिथल्या देशी माशांच्या जिवावर उठतो. कुणाकडे असा मासा नकोसा झाला असेल तर आमच्याकडे आणून द्या, पैसे मागणार नाही. पण तळ्यात, नदीत सोडू नका.

सध्या दुकानात सहा फुटी टाकीचं काम चालू आहे, फक्त आपल्या देशी माशांसाठी. केरळ आणि कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांमधला डेनिसन बार्ब, अंगावर तांबडी-काळी रेघ असलेला, त्यात कळपाने ठेवणार आहोत; रानात तो धोक्यात आलाय, म्हणून पैदाशीचेच घेणार. सोबत झेब्रा डॅनिओ. दोघांनाही वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं आणि जास्त ऊब नको असते, त्यामुळे बेळगावच्या हवेत ही टाकी सोपी जाईल असा आमचा अंदाज आहे. पंप बसलाय, नदीतले गोटे धुऊन ठेवलेत. फिल्टर तयार झाला की आधी डॅनिओ सोडू.