‘अगं, पण पासपोर्ट कशाला?’

प्रश्न काकूंनी विचारला, तोही पोळ्या लाटता लाटता. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटाच्या पूर्व टोकाला, रेड हुकमध्ये भाड्याने घेतलेलं घर. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडाच्या बोटीने ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला जायचं होतं आणि मी ओट्यापाशी उभी राहून यादी वाचत होते. टोप्या, ओल्या कपड्यांसाठी पिशव्या, मळमळीच्या गोळ्या, पासपोर्ट.

“पासपोर्ट कशाला गं? इथे उतरलो तेव्हा तर कुणी शिक्कासुद्धा मारला नाही. आपण अमेरिकेतच आहोत म्हणालीस.”

“इथे अमेरिकेतच आहोत काकू. उद्या थोडा वेळ पलीकडे, दुसऱ्या देशात जायचंय. संध्याकाळी परत.”

‘परत’ म्हणाले आणि पोटात गोळा आला.

मी न्यू जर्सीत राहते आणि तिथल्या मराठी-गुजराती कुटुंबांच्या सहली आखून देते. अमेरिकेच्या ताब्यातले व्हर्जिन आयलंड्स, म्हणजे सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय, हा माझ्याकडचा सगळ्यात चालणारा माल, आणि त्याला समुद्राच्या रंगापेक्षा कागदांचं कारण मोठं आहे. ही तीन बेटं अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून घेतली. त्यामुळे न्यूअर्कहून विमानात बसलं की आपण देश सोडतच नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारे, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला, पण मुक्कामाची मुदत वाढवून मिळालेली, असे हजारो लोक आहेत. देशात राहायला त्यांना काही अडचण नसते. बाहेर पाऊल टाकलं तर मात्र परत यायला नवा शिक्का लागतो, आणि शिक्क्याच्या मुलाखतीची तारीख मिळवणं म्हणजे कन्यादानाचा मुहूर्त काढण्याहून अवघड. अशांना निळा समुद्र दाखवायचा तर पोर्टो रिको नाहीतर इथे. हे मला पाठ आहे. गिऱ्हाइकांना मीच समजावून सांगते. आणि याच कुटुंबाला मी सीमेपलीकडची बोट काढून दिली होती.

“सगळ्यांचे पासपोर्ट जरा आणता का?” मी म्हटलं. शक्य तेवढ्या साध्या आवाजात.

टेबलावर सहा पासपोर्ट आले. काका-काकू दापोलीहून मुलाकडे आलेले, त्यांचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा, अजून बरीच वर्षं शिल्लक. मुलगा एच-वन-बी, सून एच-फोर, म्हणजे त्याच्या बायकोचा म्हणून मिळणारा व्हिसा, दोघांचे शिक्के दीड वर्षापूर्वी संपलेले. आठ वर्षांची नात इथेच जन्मलेली, तिचा निळा अमेरिकन पासपोर्ट. आणि सुनेचा भाऊ, टेक्सासात एमएस करणारा, एफ-वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा, त्याचाही शिक्का संपलेला. एका घरात पाच तऱ्हेचे कागद.

नियम असा आहे. शिक्का संपलेला असला तरी तीस दिवसांच्या आतली छोटी फेरी मारून परत येता येतं, पण बहुतेकांना ती सवलत फक्त शेजारच्या कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. आसपासच्या बेटांसाठी ती विद्यार्थ्यांना मिळते, नोकरदारांना नाही. म्हणजे ज्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे तो भाऊ नियमाप्रमाणे परतू शकला असता (पलीकडे त्याला उतरू दिलं असतं की नाही, तो आणखी वेगळा प्रश्न), आणि घराचा हप्ता भरणारा मुलगा आणि त्याची बायको अडकली असती. आजी-आजोबा आणि नात परत, तिचे आई-बाबा समुद्रापलीकडे.

माझ्या फॉर्मवर ‘पासपोर्टची मुदत’ हा रकाना होता. ‘व्हिसाची मुदत’ नव्हता. मुख्य सहलीला तो लागतच नव्हता आणि पलीकडची बोट नंतर, फोनवर, सुनेच्या हौसेखातर जोडली गेली होती. बोटवाल्यांनी पासपोर्टचे नंबर मागितले, मी पाठवले. त्यांनी परतीचं विचारायचं काही कारण नव्हतं. मी विचारायला हवं होतं.

मी सांगून टाकलं. मुलगा काही क्षण गप्प बसला, मग म्हणाला, “ताई, म्हणजे उद्या आम्ही गेलो असतो आणि...” वाक्य त्याने सोडून दिलं. सुनेचे डोळे भरले. भाऊ मात्र नकाशावर बोट ठेवून हसायला लागला. ब्रिटिश बाजूच्या नॉर्मन बेटाजवळ पाण्यातून वर आलेले चार सुळके आहेत, स्नॉर्कलिंगसाठी नावाजलेले, त्यांना ‘द इंडियन्स’ म्हणतात. आमच्या यादीत तेच पहिलं ठिकाण होतं.

“बघा जीजू, इंडियन्सना इंडियन्सकडे जायला बंदी.”

त्या हसण्याने जीवात जीव आला. मी बाहेर ओसरीत येऊन बोटीच्या कॅप्टनला फोन लावला. कॅप्टन म्हणजे एक बाई, शेजारच्या सेंट जॉन बेटावर वाढलेल्या, पन्नाशीच्या. आदल्या रात्री रद्द केलं तर पैसे परत नाहीत, हे करारातच होतं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बोट तर तुमचीच आहे दिवसभर. देश तेवढा बदलू.” आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, “उद्या नाहीतरी नॉर्मनकडे जाताना वारा थेट तोंडावर आला असता. तुमच्या म्हाताऱ्यांचे हाल झाले असते.”

या दिवसांत इथे पूर्वेकडचे व्यापारी वारे जोर धरतात. त्यांना ख्रिसमस विंड्स म्हणतात. वीस-पंचवीस नॉट्स सहज. शिवाय दूर उत्तर अटलांटिकमध्ये एखादं वादळ झालं की त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी इथल्या उत्तर किनाऱ्यावर येऊन फुटतात. आकाश निरभ्र, वाराही बेताचा, आणि समोर सेंट जॉनवरच्या ट्रंक बेचा सुप्रसिद्ध किनारा मात्र पांढरा फेसाळ. इथले लोक त्याला ‘ग्राउंड सी’ म्हणतात. नवख्या माणसाला हे कळत नाही. तो हवामानाच्या ॲपवर सूर्याचं चित्र बघतो. मी समुद्रातल्या बोयांचे, म्हणजे तरंगत्या मापयंत्रांचे, आकडे बघते, त्यातही लाटेच्या उंचीपेक्षा दोन लाटांमधला वेळ. चौदा सेकंदांची दोन फुटी लाट सहा सेकंदांच्या तीन फुटी लाटेपेक्षा किनाऱ्यावर जास्त त्रास देते. त्या रात्री आकडा तेरा सेकंदांच्या आसपास होता. म्हणजे ट्रंक बे बाद. तिथली पाण्याखालची पायवाट, पाट्या लावलेली, पहिल्यांदा स्नॉर्कल करणाऱ्यांसाठी एरवी उत्तम. पण ती नको.

अकरा वाजेपर्यंत कॅप्टन आणि मी फोनवर होतो. आधी वाऱ्याच्या विरुद्ध लांबचं ठिकाण, माणसं ताजी असताना. मग वाऱ्याबरोबर हळूहळू मागे येत एकेक थांबा. लांबचं म्हणजे सेंट जॉनच्या उत्तरेला लेनस्टर बे, समोरच्या टॉर्टोला या ब्रिटिश बेटाच्या आडोशामुळे शांत. मग माहो बे. शेवटी रेड हुकच्या तोंडाशी असलेली ख्रिसमस कोव्ह. सगळं अमेरिकेच्या हद्दीत. मी तिला तीनदा विचारलं.

सकाळी साडेआठला धक्क्यावर पहिलं भांडण सनस्क्रीनवरून. मार्च २०२० पासून इथे ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या क्रीमवर बंदी आहे, प्रवाळाला ती रसायनं मारक म्हणून. सुनेने आणलेली बाटली नेमकी त्यातलीच निघाली. कॅप्टनने झिंक ऑक्साइडचा डबा पुढे केला. तो फासल्यावर सगळे दशावतारातल्या संकासुरासारखे, फक्त पांढरे. काकू नातीला म्हणाल्या, “ये गं, तुझ्या बाबाला ओळख बरं.”

काकांना वेगळीच चिंता. “भरती किती वाजता?” जन्म हर्णैच्या बंदरावर गेलेला माणूस, भरतीची वेळ न विचारता होडीत कसा बसेल? मी सांगितलं, इथे चढ-उतार वीतभर. त्यांचा विश्वास बसेना. आपल्याकडे पुरुषभर पाणी चढतं-उतरतं, होड्या चिखलात कलंडतात. “मग खेकडे कधी धरायचे?” त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कॅटामरान सुटली. शीड वर गेलं तेव्हा काका उठून डोलकाठीपाशी गेले आणि दोर हाताने चाचपून बघितला. कॅप्टनने काही न बोलता तो त्यांच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासभर त्यांचं उत्तम जमलं.

लेनस्टर बेमध्ये नांगर टाकला नाही. पाण्याखालच्या गवताची नासाडी नको म्हणून राष्ट्रीय उद्यानाने बोये ठेवलेत, त्यांना बांधायचं. समोर वॉटरलेमन के हे इवलंसं बेट. त्याच्याभोवती कमरेएवढ्या पाण्यात गवतावर पसरलेले ताटलीएवढे तारामासे. मी एकेकाला मास्क लावत होते. काकांच्या मिशा आडव्या आल्या. मिशा असल्या की मास्क नीट बसत नाही, पाणी झिरपतं. व्हॅसलीन चोपडलं तेव्हा कुठे भागलं. काकूंची अडचण उलटी. तोंडाने श्वास घ्यायचा, हे त्यांना पटेना. “वीस वर्षं प्राणायाम करते. नाकाने घ्यायचा असतो श्वास.” शेवटी त्यांनी मास्क न लावता लाइफ जॅकेट घालून पाण्यात नुसतं तरंगायचं ठरवलं, पंजाबी ड्रेस फुग्यासारखा फुगलेला, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ पाण्यात त्याच होत्या.

तेवढ्यात बोटीवरून मुलाची हाक आली. मी वर पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. (झिंक धरूनही.) फोन माझ्यापुढे धरला. ‘ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये आपले स्वागत आहे.’

“ताई, आपण गेलो का?”

गेलो नव्हतो. समोरचं ग्रेट थॅच बेट तिकडचं, मध्ये जेमतेम मैलभर पाणी. सेंट जॉनच्या या बाजूला फोन नेहमीच पलीकडचा टॉवर पकडतो. मला ठाऊक होतं, सांगायचं राहिलं होतं. तरीही त्याने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी घातला, जणू तोच सीमा ओलांडेल.

कॅप्टन हसली नाही. तिने किनाऱ्यामागची टेकडी दाखवली. झाडीतून दगडी पवनचक्कीचा बुरूज दिसत होता. ॲनाबर्गचा उसाचा मळा. १८३४ साली ब्रिटिशांनी पलीकडे गुलामगिरी बंद केली. इकडे डेन्मार्कच्या राज्यात ती ३ जुलै १८४८ पर्यंत चालू राहिली. ती चौदा वर्षं या मळ्यांतले लोक रात्री हेच पाणी ओलांडून पळायचे, मिळेल त्या होडीने, काही पोहत. “तेव्हा सगळ्यांना तिकडे जायचं होतं,” ती म्हणाली. मी ते काकांना मराठीत सांगितलं. काका बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “या वाऱ्यात? रात्रीचं?” आणि परत पाण्यात उतरले नाहीत.

माहोला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाली गवत चरणारी हिरवी कासवं होती. त्यांच्यामागे लागायचं नाही, हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं, पण नातीने बजावणं आधीच स्वतःकडे घेतलं होतं. ती मामाच्या मागे पोहत त्याचा पाय ओढत होती.

तीन वाजता ख्रिसमस कोव्हला. तिथे एका बोटीवर चक्क भट्टी आहे, पिझ्झा भाजून देतात. आमची माणसं छोट्या होडीतून जाऊन शाकाहारी पिझ्झा घेऊन आली. समुद्राच्या मध्यावर गरम पिझ्झा. काकूंनी वर चटणी भुरभुरली.

दोन दिवसांनी त्यांना सोडायला मी विमानतळावर गेले. इथून मुख्य भूमीवर जाताना सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची तपासणी होते. ही बेटं अमेरिकेची, पण तिच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरची. मुलाने मुदतवाढीचा आय-७९७ कागद पासपोर्टमध्ये घालून तीनदा तपासला होता. काकू रांगेत माझ्याकडे वळल्या.

“आता तर अमेरिकेतून अमेरिकेतच चाललोय. मग पासपोर्ट कशाला?”

मी समजावून सांगायला सुरुवात केली, पण रांग पुढे सरकली होती.