दसरा चौकात तारपा

आमच्या जव्हारकडचं (पालघर जिल्हा) तारपा पथक कोल्हापुरात येतंय असं कळलं, तारपा म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य, आणि मी दुपारचीच गाडी धरली. नोकरीमुळे राहतो मिरजेत. इथून जव्हार साडेचारशे किलोमीटरच्या पुढे, त्यामुळे मनात आलं की उठून गावी जाता येत नाही. त्यात तारपा रंगतो भाताच्या दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच मला रजा मिळत नाही. फोनवर भावाने पाठवलेले व्हिडिओ बघतो, पण त्यात तारप्याचा आवाज चिरका होतो. छातीत जो घुमतो तो त्यात नाहीच.

मिरज-कोल्हापूर हा १८९१चा रेल्वेमार्ग. कृष्णा ओलांडली, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी मागे पडलं, पंचगंगा आली. दोन्हीकडे नुसता ऊस. स्टेशनवर उतरून व्हीनस कॉर्नरवरून चालतच दसरा चौक गाठला.

या चौकाभोवती शाहू महाराजांच्या प्रेरणेने वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. मी स्वतः आश्रमशाळेत आणि पुढे वसतिगृहात राहून शिकलो. त्यामुळे आमच्या पाड्यांवरची माणसं इथे तारपा घेऊन उभी राहणार, याचं मला फार अप्रूप होतं.

सुरुवात मात्र मनासारखी झाली नाही. उंच मंच, मागे मोठा फ्लेक्स, समोर खुर्च्यांच्या रांगा. पथकाला प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभं केलं होतं आणि तारप्याच्या कर्ण्यापुढे माईक लावला होता. स्पीकरमधून आवाज फाटून यायचा. शिवाय अगदी थोडा वेळ दिलेला. ज्यांनी बोलावलं त्यांनी कौतुकानेच बोलावलं, हे मी मानतो. पण तारपा ओळीत वाजवायची गोष्ट नाही. वारली चित्रात बघा, तारपकरी मधे असतो आणि माणसांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती चित्रं घराघरांत पोचली, पडद्यांवर आणि कपबश्यांवरही आली. त्या चित्रातलं ते वळण शोभेचं नाही. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नसते, म्हणून ती साखळी तशी वळते.

मंचावरची वेळ संपली. पथक खाली उतरलं, तसे लोक त्यांच्याभोवती जमले. कुणीतरी खुर्च्या मागे ओढल्या. म्हाताऱ्या तारपकरी बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, जमीन मोकळी झालेली दिसली, आणि त्यांनी पुन्हा तारपा तोंडाला लावला. या वेळी माईक नव्हता.

तो आवाज कसा सांगू? वाळलेल्या दुधी भोपळ्यात हवा भरते, दोन नळ्यांमधल्या जिभा थरथरतात आणि ताडाच्या पानांच्या लांब कर्ण्यातून तो सूर बाहेर पडतो. बाबा नाकाने श्वास घेत होते आणि त्याच वेळी गालांत साठवलेली हवा आत सोडत होते, त्यामुळे सूर कुठे तुटतच नव्हता. घोळकाठी जमिनीवर आपटली, तिचे घुंगरू वाजले, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी सुरू झाली. देवाचा चाळा, म्हणजे तारप्यावरची धून, झाला, मग मोराचा. चाळा बदलला की पावलं आपोआप बदलतात, कुणी मोजून देत नाही.

कोल्हापूरचे लोक हलगी-घुमक्यावर वाढलेले. तालाला दाद कशी द्यायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. माझ्या शेजारचा पैलवानी अंगाचा एक गडी मला म्हणाला, "काय दम हाय ओ म्हाताऱ्याचा! श्वास घेतोय कवा?" मी त्याला नाकाकडे बघायला सांगितलं. तो बघत राहिला, मग स्वतःच गाल फुगवून करून बघू लागला. तेवढ्यात साखळी आमच्यासमोरून गेली आणि मी तिच्यात शिरलो. माझ्यामागे तो, त्याच्यामागे कॉलेजच्या दोन मुली. पायांना सगळं आठवत होतं.

नंतर बाबांशी आमच्या बोलीत बोललो. कुठला पाडा, कुणाचा कोण, यंदा नागली कशी आली, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी मिरजेवरूनच जाणार होती. मी म्हटलं, मधे उतरा, तुम्हाला भोपळ्यांची गल्ली दाखवतो.

ते उतरले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत छताला टांगलेले मोठाले भोपळे बघून बाबा दुकानाच्या उंबऱ्यातच थांबले. हे पंढरपूरकडून येतात, कारागीर म्हणाले. बाबांनी एका भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली, कान लावला, मान हलवली. मग दोघांचं जे सुरू झालं त्यात मला मधे बोलायला जागाच नव्हती. वेलावर किती दिवस ठेवायचा, बी कसं काढायचं, कीड लागू नये म्हणून काय करायचं. बाबांनी तारप्याचे सांधे मेणाने कसे बुजवतात ते दाखवलं. कारागिरांनी तो कर्णा हातात घेऊन पानांचा एकेक वेढा निरखला.

मग ते म्हणाले, वाजवा की. बाबांनी सूर धरला. कारागिरांनी जवळचा तंबोरा घेतला आणि खुंट्या पिळत पिळत तारांना तारप्याच्या सुरावर आणलं. दोन्ही भोपळे एकत्र घुमायला लागले. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं आणि पोरं दारात जमली. बाबांनी क्षणभर तारपा खाली घेतला आणि विचारलं, "इथं नाचायला जागा कुठं?"

गल्ली अरुंद होती, पण पोरं सायकली बाजूला करायला लागली.