दोन खाण्यांमधला वेळ आणि मुलांचे दात

मुलाने दिवसात गोड किती खावे, हे पालक हमखास विचारतात; किती वेळा खावे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. दातांच्या दृष्टीने मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर मिळताच तिचे लॅक्टिक आम्ल बनवतात आणि काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ५.५च्या आसपास किंवा त्याही खाली उतरतो. तेथून एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. पुढे लाळ हे आम्ल सौम्य करते आणि गेलेली खनिजे थोडीफार परत बसवते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एका मुलाने जेवणाबरोबर एकदाच गोड खाल्ले आणि दुसऱ्याने तेवढेच गोड दुपारभर थोडे थोडे चघळले, तर दोघांच्या पोटात साखर सारखीच जाते. दुसऱ्याच्या दातांना मात्र सावरायला उसंतच मिळत नाही.

याचा मोठा पुरावा स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४०च्या दशकात सुरू झालेल्या आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, पण जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी दिल्यावर ती झपाट्याने वाढली. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांवर, त्यांच्या संमतीविना झाला होता, ही गोष्ट त्याचा निष्कर्ष सांगताना वगळणे मला योग्य वाटत नाही.

याचा अर्थ प्रमाणाला महत्त्व नाही, असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार मुक्त साखरेतून, म्हणजे मुख्यतः खाण्यापिण्यात वरून घातलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांहूनही कमी. दिवसाला सुमारे १३०० कॅलरी घेणाऱ्या लहान मुलासाठी ५ टक्के म्हणजे अवघे १६ ग्रॅम, साधारण चार छोटे चमचे. मध आणि फळांचा रस यांतील साखरही याच हिशेबात धरली जाते, सबंध फळातील किंवा साध्या दुधातील नाही. पौष्टिक समजून दिवसभर हाती दिलेली रसाची बाटली म्हणूनच मला टॉफीइतकीच काळजीची वाटते.

त्याहून वाईट म्हणजे बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय. झोपेत लाळ फार कमी स्रवते, त्यामुळे गोड पेय वरच्या पुढच्या दातांभोवती बराच वेळ साचून राहते आणि कीड बहुधा तेथूनच सुरू होते. रात्री द्यायच्या गोड सिरपचेही तेच. औषध अर्थातच टाळायचे नाही. ते दात घासण्याआधी द्यावे आणि साखरविरहित पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

“दुधाचे दात, पडणारच आहेत” हे वाक्य ऐकले की मला फार वाईट वाटते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात, त्यांचे एनॅमल पातळ असते आणि दुखणारी दाढ मुलाची झोप, जेवण आणि अभ्यास सगळेच बिघडवते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कायमची असते. कोणताही दात न पडता ती उगवत असल्यामुळे अनेक घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि दुर्लक्षित राहते.

फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी: तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. घासण्याचे काम मोठ्यांनी स्वतः करावे, कारण लहान हातांना मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचता येत नाही. त्याच वेळी वरचा ओठ हलकेच उचलून हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात का, तेही पाहावे. कीड या टप्प्यावर असेल तर फ्लोराइड आणि खाण्याच्या बदललेल्या वेळा यांनी ती थांबवता येते; खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्याकडे उपचार घ्यावे लागतात.