औषध म्हणतो आपण त्याला

पोळ्याला गावी गेले होते, यवतमाळ जिल्ह्यात. दुपारी आई म्हणाली वावरात भाऊला चहा देऊन ये, सकाळपासून फवारा मारतोय. भाऊ म्हणजे सख्खा नाही, आमच्याकडे मजुरीला येतात ते, वडलांच्या वयाचे. गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माझ्या खांद्याला लागत होती आणि त्यातून भाऊ चालत येताहेत, पाठीवर सोळा लिटरचा चार्जिंगचा पंप, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, पायात काही नाही. शर्टाची पाठ ओली होती, घामाने की पंपाच्या गळतीने ते देवाला माहीत. म्हणाले थांबा ताई, एवढा डबा संपवतो. संपवला, पंप खाली ठेवला, नोझल अडकत होतं म्हणून ते खोललं आणि तोंडाला लावून फुंकलं. आपण शाळेत बंद पडलेली रिफिल फुंकायचो ना, अगदी तसं.

मी ओरडलेच. तर ते हसले. म्हणे, "काई नाई होत ताई, बारा वर्षं झाले मारून राह्यलो."

मग त्याच हाताने कप घेतला. म्हणजे हात धुतले होते, पण ज्या बादलीत औषध कालवलं तिच्यातच.

औषध. हा शब्द बघा. आमच्याकडे कोणीही विष मारतो असं म्हणत नाही, कीटकनाशक तर फक्त सरकारी कागदावर. आम्ही औषध मारतो. कोणी जीव दिला तरी म्हणतात "औषध घेतलं त्यानं". एकाच शब्दात क्रोसिनची गोळी आणि मोनोक्रोटोफॉससारखं जहाल कीटकनाशक दोन्ही बसवलंय आपण, आणि मग गड्याला सांगायचं की बाबा जपून.

बांधावर दोन बाटल्या होत्या. त्यातली एक उचलून लेबल वाचायला घेतलं. प्रत्येक बाटलीवर तो चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, पतंगासारखा. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात, म्हणजे खालच्या त्रिकोणात, रंग. लाल म्हणजे सर्वात जहाल, त्यावर कवटी आणि हाडं. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे रंग ठरतात कशावरून तर तोंडावाटे पोटात गेल्यावर प्रयोगातले निम्मे उंदीर किती मात्रेला मरतात त्यावरून (कातडीवाटेचं पण बघतात). किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. भाऊंना विचारलं हा पिवळा म्हणजे काय, तर म्हणाले कंपनीचा मार्का असेल. आणि हिरवा? "हिरवा म्हणजे शाकाहारी." मी हसले खरी पण चूक काय त्यांची, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी हे देशातल्या प्रत्येक माणसाला शिकवलंय ना आपण.

आतलं पत्रक म्हणजे आणखी मजा. बारा घड्या घातलेलं, चार-पाच भाषांत, अक्षर एवढं बारीक की मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचलं. त्यात सगळं आहे हो. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने मारा, नोझल तोंडाने फुंकू नका (हो, हे पण), विषबाधेची लक्षणं, उतारा म्हणून ॲट्रोपिन. कागदावर आपल्या देशात काही म्हणजे काही कमी नाही. पण ते पत्रक घरी दुकानाच्या पिशवीत राहतं, बाटली वावरात येते, आणि मारणारा माणूस तिसराच.

२०१७ आठवतं का? मी तेव्हा पुण्यात होते आणि रोज सकाळी फवारणीतल्या विषबाधेचा यवतमाळचा आकडा बघायचे. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, किडीचा जोर, आणि लोक दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. डोक्याच्या वर नोझल धरायचं म्हणजे फवारा परत अंगावरच येणार. वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. कोणाला उलट्या, कोणाला घेरी, कोणाला दिसेनासं झालं. आणि चर्चा कसली, तर शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही. सप्टेंबरच्या उन्हात, वारा बंद असलेल्या पऱ्हाटीत प्लास्टिकचा कोट घालून एक डबा मारून बघावा असं म्हणणाऱ्याने. एकच. शिवाय आमच्याकडे पंपामागे पैसे मिळतात, जेवढे डबे तेवढी मजुरी, मग थांबून हात कोण धुणार.

त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळसकट विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर बंदी घातली. किती दिवस? ६० दिवस. मला वाटलं बातमीत चुकलंय काहीतरी. चुकलं नव्हतं. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्यात राज्याला तेवढाच अधिकार आहे, ६० दिवस, आणि तपास अपुरा असेल तर जास्तीत जास्त आणखी ३०. कायमची बंदी फक्त दिल्ली घालणार. म्हणजे मेलेली माणसं इथली, दवाखाना इथला, विकणारं कृषी केंद्र इथलं, पण राज्याच्या हातात फक्त दोन-तीन महिन्यांचं कुलूप. पंजाबने २०२२ ला बासमतीसाठी दहा औषधं बंद केली ती पण ६० दिवसांसाठीच.

हा कायदा आला कसा ते पण ऐका. १९५८ साली केरळात शंभरावर माणसं मेली. खाण्याचा माल आणि पॅरॅथिऑन एकाच जहाजातून आलं, विष सांडलं, आणि ते खाण्यातून लोकांच्या पोटात गेलं. चौकशी झाली आणि दहा वर्षांनी कायदा. आपल्याकडे रसायनांचे नियम असेच येतात, प्रेतं मोजून झाल्यावर. भोपाळ १९८४ ला झालं तेव्हा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ ला आला, धोकादायक रसायनं हाताळायचे नियम १९८९ ला. भोपाळच्या त्या कारखान्यात जे औषध बनायचं ना, सेविन, म्हणजे कार्बारिल, त्याच्यावर बंदीचा आदेश कधी निघाला सांगू? २०१८. चौतीस वर्षांनी. त्याच आदेशात एकूण १८ औषधं होती, त्यातली ६ लगेच बंद नाही केली, २०२० संपेपर्यंत मुदत दिली. नंतर २०२० मध्ये आणखी २७ वर बंदीचा मसुदा आला, आणि २०२३ ला अंतिम आदेश आला तेव्हा त्यातली बरीचशी सुटलेली. मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारायला २००५ पासून बंदी आहे, २०१३ ला बिहारमध्ये शाळेच्या दुपारच्या जेवणातून तेच पोटात जाऊन २३ लेकरं गेली, आणि त्याच्या ३६ टक्के एसएलची, म्हणजे पाण्यात कालवायच्या द्रावणाची, नोंदणी रद्द करायला २०२३ उजाडलं, तेही शिल्लक माल विकायला सवड देऊन. नवीन कायद्याचं विधेयक २००८ ला आलं, पडून राहिलं, २०२० ला राज्यसभेत परत आलं. बाकी तुम्हीच समजा.

आता कोणी म्हणेल आपल्याला हे जमतच नाही. तसं पण नाहीये. आपल्याच राज्यात नाशिकच्या द्राक्षाचं बघा. २०१० ला युरोपने कंटेनर अडवले, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून, आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. आज निर्यातीची बाग नोंदणी केलेली असते, कोणत्या तारखेला काय मारलं त्याची वही असते, माल जायच्या आधी लॅबमध्ये अंश तपासतात, "लेबल क्लेम" हा शब्द तिथल्या पोरापोराला माहीत आहे, म्हणजे अमुक औषध अमुक पिकावर अमुक किडीसाठीच मंजूर आहे ते. सगळी साखळी बांधलेली. का, तर हॉलंडमधल्या कोणीतरी ते द्राक्ष तोंडात टाकणार आहे. छानच आहे, टाकू दे. पण त्या वहीत मारणाऱ्या माणसाच्या रक्ताची तपासणी केल्याचा रकाना मी तरी पाहिला नाही. कोलिनेस्टरेज नावाची टेस्ट असते, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं अंगात किती गेली ते तिच्यातून कळतं, आणि सीझनच्या आधी आणि नंतर ती केली की झालं. तपासतात द्राक्षाला.

आणि कापूस तर कोणी खातच नाही.

आमच्या घरचं सांगायचं तर दोष आमचाही आहेच, उगाच सरकारवर ढकलायला नको. औषध वडील आणतात, दुकानदार म्हणेल ते. तो म्हणाला याच्यात हे टॉनिक टाका, टाकलं. निळ्या त्रिकोणाचं असलं की आम्ही पण निवांत, आणि २०१७ ला राज्याने बंद केलेल्या त्या पाचात डायफेन्थ्युरॉन होतं, त्याच्यावर निळाच त्रिकोण असतो. शिवाय त्याला ॲट्रोपिनसारखा ठरलेला उतारा पण नाही. हे मला त्या दिवशी बांधावर बसून फोनवर वाचताना कळलं. शेतकऱ्याची पोरगी मी, वय वर्षं ३६.

संध्याकाळी तालुक्याला जाऊन हातमोजे आणले, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, गमबूट. भाऊंनी दुसऱ्या दिवशी हातमोजे घातले, अर्ध्या तासाने काढून पंपाच्या पट्ट्याला लटकवले, कारण नोझलचा पेच बोटांनी फिरत नाही म्हणे. बरोबर होतं, मी करून बघितलं, नाहीच फिरत. गमबूट त्यांनी घरी नेले, मुलाला पावसाळ्यात शाळेत जायला.

मग मी एक केलं, सायकलच्या ब्रेकची तार घेतली, टोकाला एकच बारीक धागा ठेवला आणि सुतळीने पंपाच्या दांडीला बांधून दिली. नोझल अडकलं की हीच घालायची, तोंड नाही लावायचं. त्यांनी मान हलवली.

काल आईला फोनवर विचारलं तार आहे का अजून. आई म्हणाली तार आहे, पण भाऊ आठ दिवस झाले दुसऱ्याच्या वावरात जातात, तिथे त्या मालकाचा पंप आहे.