एकाच आईची तीन लेकरं, तीन वेगळे रिपोर्ट

दादा गेला तेव्हा ४६ वर्षांचा होता. दारूचा थेंब नाही, खर्रा नाही. मे महिन्यात पोटात उजवीकडे दुखायला लागलं. उन्हाचं असेल म्हणून तो ताक पीत राहिला. नागपूरच्या धंतोलीत सोनोग्राफी केली तेव्हा यकृतातली कॅन्सरची गाठ नऊ सेंटिमीटरची होती, आणि रक्तात हिपॅटायटिस बी हा यकृताला धरणारा विषाणू निघाला. दिवाळी त्याला दिसली नाही.

घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हा विषाणू अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी करा, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आम्ही ती केली तेरवीनंतर. आई पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह, ताई निगेटिव्ह. पण ताईच्या पुढच्या तपासणीत कळलं की विषाणू तिच्याही अंगात शिरला होता, फक्त तिच्या शरीरानं त्याला हाकलून लावलं. वहिनी आणि पोरं सुटली, तिघांनाही लस दिलेली होती.

बाळंतपणात आईकडून बाळाला हा विषाणू जातो, हे आईला कोणीतरी दवाखान्यातच सांगितलं. घरी आल्यावर पदर तोंडाला लावून ती ओट्यापाशी उभी राहिली. "माह्यामुळे झालं का रे बाप्पा हे सारं?" मी काय सांगणार? आमच्या जन्माच्या वेळी जन्मल्याबरोबर बाळाला टोचायची लस इथे कोणाला ठाऊक होती? तिला स्वतःलाही तो तिच्या आईकडूनच आला असेल.

एक गोष्ट मात्र मला आजही जाळते. नऊ वर्षांपूर्वी मी आणि दादानं एका शिबिरात रक्तदान केलं होतं, शेजारशेजारच्या खाटांवर. दिलेल्या रक्ताची ही तपासणी होतेच. आम्हा दोघांपैकी एकालाही कोणी कळवलं नाही. एक फोन आला असता तर दादाला नऊ वर्षं मिळाली असती.

नंतर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. आई तीच, विषाणू तोच, मग दादालाच कॅन्सर का? एका लॅबचा माणूस लाळेच्या नमुन्यावरून 'यकृत कॅन्सरचा जेनेटिक धोका' सांगतो म्हणून मागे लागला होता. मी पैसे भरायच्या बेतात होतो. त्याआधी यकृताच्या डॉक्टरांना विचारलं, हे बरं केलं.

त्यांनी अर्धा तास दिला. एचएलए-डीपी, डीक्यू नावाच्या जीनपासून बनणारी प्रथिनं विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकारक पेशींना दाखवतात. त्यांच्यातल्या फरकांवरून विषाणू कोणाच्या अंगात ठाण मांडतो आणि कोणाच्या नाही, हे काही अंशी ठरतं. ताईत आणि माझ्यात फरक पडला तो तिथे असू शकतो. कॅन्सरचं कोडं याहून अवघड. २०१० साली चीनमध्ये केआयएफ१बी जीनमधला एक बदल धोक्याशी जोडला गेला, पण जपानमध्ये पडताळून पाहिलं तेव्हा तसा संबंध दिसला नाही. असा एकेक बदल धोका थोडाथोडाच हलवतो. शिवाय हा विषाणू आपला डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, म्हणून सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी पार कडक होणं, नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. "तुमच्या सख्ख्या भावाला झाला, ही माहिती त्या लाळेच्या रिपोर्टपेक्षा मोठी आहे," ते म्हणाले. "त्यात तुम्ही पुरुष, वय चाळिशीपार. आता विषाणू किती आहे ते बघू."

विषाणू लाखांत निघाला. मग फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. उपाशीपोटी पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्यामागे, आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत ते यंत्र टकटक ठोकतं, कोणी बोटानं दार वाजवावं तसं. दुखत नाही. पण प्रत्येक ठोक्याला मला दादाची गाठ आठवत होती. ८.४ किलोपास्कल आलं, म्हणजे यकृत थोडं कडक व्हायला लागलंय, सिरोसिस नाही. टेनोफोविर सुरू झालं. सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात ही गोळी मोफत मिळते, हे मला तोवर माहीत नव्हतं. २०१८ पासून तो कार्यक्रम सुरू आहे, आणि आमच्या ओळखीतली माणसं अजून मेडिकल स्टोअरमधून पैसे देऊन घेतात. गोळीनं विषाणू दबतो, जात नाही. ती मनानं बंद करायची नाही, एवढं मी गाठीला बांधलंय.

आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या कॅन्सरची चाहूल घेणारी एएफपीची रक्ततपासणी. आईचीही होते. तिचा विषाणू अगदी कमी आहे, तिला गोळी लागली नाही. लॅबवाल्याचे फोन मी घेत नाही.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषामुळे कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, असं डॉक्टर बोलता बोलता सांगून गेले होते. तेव्हापासून आई दाणे सुपात घेऊन खिडकीपाशी बसते, एकेक दाणा उजेडात धरते. काळपट दिसला की बाजूला. माझ्या पुढच्या सोनोग्राफीची तारीखही तिनंच कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवलीय.