पणजीचं नाव शोधायला राजापूरला

पणजीचं, म्हणजे आजोबांच्या आईचं, नाव जुन्या सरकारी कागदांत शोधायला गावी जायचं ठरवलं आणि पहिली चूक घरातूनच झाली. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवार-रविवार गावात काढायचे, सोमवारी ऑफिस, असा चाकरमानी हिशेब. सरकारी कचेऱ्यांना 2020पासून शनिवारी सुट्टी असते हे डोक्यातच आलं नाही. शेवटी सोमवारची रजा टाकली. तुम्ही निघाल तेव्हा निदान दोन कामाचे दिवस हाताशी ठेवा. तुतारी एक्स्प्रेसने जाणार असाल तर ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायला तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. राजापूर रोड स्टेशनही शहरापासून बरंच लांब आहे, रिक्षा आधी सांगून ठेवलेली बरी.

आमच्या वंशावळीत पुरुष सहा पिढ्यांचे आहेत, पण पणजीचं नाव कुणाला ठाऊक नाही. घरात सगळे तिला 'मोठी आई' म्हणायचे, एवढंच.

शनिवारी चुलतकाकांकडे गेलो आणि चहा यायच्या आत विचारून बसलो, "काका, जुना सातबारा आहे का हो?" काका म्हणाले, "कशाला पाहिजे?" त्यानंतर तासभर आम्ही आंब्याच्या मोहोराबद्दलच बोललो. चूक माझीच होती. सामाईक जमिनीच्या उताऱ्यावर भावकीतली वीस-पंचवीस नावं, त्यात मुंबईकराने उतारा मागितला म्हणजे वाटणी मागितली असाच अर्थ निघतो. म्हणून पहिल्या दिवशी कागदाचं नाव काढू नका. जुने फोटो न्या, तेही मोठे करून, म्हातारी माणसं मोबाइलच्या पडद्यावर बघत नाहीत.

रविवारी तेच केलं. वडिलांच्या मुंजीतला फोटो घेऊन वरच्या वाडीत गेलो. तिथल्या आजींनी आधी विचारलंच, "जमीनबिमीन काढायला आलास काय रे?" नाही म्हटल्यावर फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि मागच्या रांगेतल्या नऊवारीतल्या बाईवर बोट ठेवलं. "ही पाचलकरीण. तुझ्या आज्याची आई." नाव त्यांनाही आठवेना. पण गावात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यामुळे माहेर तरी कळलं.

सोमवारी तहसीलला. इथे रिकाम्या हाती जाऊ नका. आजचा सातबारा ऑनलाइन निघतो, त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. ते टिपून न्या आणि त्या नंबरांच्या नकलेसाठी अर्ज करा. 'आमचे जुने कागद दाखवा' म्हणून काही मिळत नाही. फेरफारात कोण वारला, त्याचे वारस कोण, हे एका जागी सापडतं. जन्म-मृत्यूच्या नोंदी हव्या असतील तर 'गाव नमुना 14' किंवा 'कोतवाल बुक' हेच शब्द वापरा. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे झालेत, आणि जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यालाही भाव आलाय. त्याच्याशी पैशांचं आधीच बोलून घ्या. नोंदीत शके असेल तर 78 मिळवायचे, साधारण इसवी सन निघतं.

नक्कल पंधरा दिवसांनी मिळाली. 1934चा वारस फेरफार, मोडीत. दादरच्या एका जाणकार गृहस्थांनी भिंग लावून वाचला. पणजोबा मयत. वारस मुलगा, म्हणजे माझे आजोबा, आणि पुढे तीन अक्षरं: अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक. त्यापुढे 'आई सरस्वती'. आजोबा तेव्हा सज्ञान असते तर फक्त त्यांचंच नाव लागलं असतं आणि ती कागदावर आलीच नसती. त्या काळच्या उताऱ्यांत बाई शोधायची तर आधी असा पोरका, अज्ञान मुलगा शोधा.

शाळेचं जनरल रजिस्टर राहिलं. ते मुख्याध्यापकांच्या ताब्यात असतं, पत्र घेऊन जावं लागतं. शिमग्यात जाता आलं तर पालखीपुढे कुणाचा मान कितवा यावरून थोरली-धाकटी शाखा कळते. गणपतीत घरं माणसांनी भरलेली असतात, पण चतुर्थीला कचेऱ्या बंद.

सरस्वती हे सासरचं नाव. माहेरी तिला काय म्हणायचे ते पाचललाच कळेल. या खेपेला मी मंगळवारी निघणार आहे.